सहाच्या बॅचला कोण?

शेखर, तुझ्या हॅगर्टीचा फोन आला होता.

मी ऑफिसला निघालो होतो, हायवेच्या तोंडाशी अडकलेला. नंबर ओळखीचा नव्हता तरी उचलला. दोन हजार दोनपासून मला ही सवयच लागली आहे. अनोळखी नंबर म्हणजे कोणीतरी नोकरी देणारा असू शकतो, आज नोकरी असली तरी. तर पलीकडे हॅगर्टी. तुझ्या हायस्कूलच्या फुटबॉल टीमचा, म्हणजे इकडच्या त्या हातात घेऊन पळायच्या फुटबॉलचा, हेड कोच, मैदानाच्या या टोकाला शिंकला तर त्या टोकाची पोरं दचकतात असा माणूस. तो इतकं हळू बोलत होता की मी गाडीतला एसी बंद केला.

"कोच," तो मला म्हणाला. तिथे सगळेच एकमेकांना कोच म्हणतात हे मला ठाऊक आहे, तरी दर वेळी माझी पाठ जराशी ताठ होतेच. "समर वर्कआउट्स जूनमध्ये सुरू होतायत. कुठला कोच कधी येणार ते शेड्यूल दर वर्षी शेक तुझ्याबरोबर बसून करायचा. यंदा तू करशील?"

शेक म्हणजे तू; अख्खा शेखर त्यांच्या जिभेवर कधी बसला नाही.

"करतो," मी म्हणालो.

"आणि सकाळी सहाला कोण, ते तूच ठरव. मी दोनदा घेऊन बसलो. मला नाही जमलं."

तर ते मी ठरवायचंय, शेखर. सहाच्या बॅचला तुझ्या जागी कोण, ते. ज्या माणसाच्या शेड्यूलवर अख्खी कोचेसची खोली हसली होती, त्याने.

मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकांना तुझ्यावर पानभर मजकूर हवा होता: जन्म, शिक्षण, नोकरी, पश्चात कोण. मी म्हटलं, ते तुम्ही लिहा, मला त्याच्याशी जरा बोलायचंय. म्हणून हे असं. वाचणाऱ्यांनी ऐकावं, मध्ये बोलू नये.

आमच्या टेक्सासातल्या प्लेनोच्या मंडळात कोणी डेटाबेसवाला, कोणी टेलिकॉमवाला, कोणी मुलांचा डॉक्टर. आणि तू नागपूरहून शारीरिक शिक्षणाची डिग्री घ्यायला आलेला, शाळेत गणिताची मास्तरकी मिळाली म्हणून राहिलेला, आणि गणिताबरोबरच गळ्यात शिट्टी पडलेला. टेक्सासात मास्तर आणि कोच हे एकाच माणसाचे दोन शर्ट असतात, हे आमच्या लोकांच्या शेवटपर्यंत पचनी पडलं नाही. गणपतीच्या जेवणाला कोणीतरी नवीन काका तुला विचारायचेच, "ते ठीक आहे हो, पण तुमचं मूळ फील्ड कोणतं?" आणि तू भात कालवता कालवता शांतपणे, "शाळेच्या मागचं."

काका पुढे मला गाठून विचारायचे, हे गृहस्थ चेष्टा करतात का. मी सांगायचो, नाही, खरंच मागे आहे, चांगलं मोठं आहे.

दोन हजार दोनचा उन्हाळा. टेलिकॉमवाल्यांची पडझड चालली होती, आणि एका दुपारी आमचा अख्खा मजला आपापले खोके घेऊन पार्किंग लॉटमध्ये उभा राहिला. ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलं होतं म्हणून देश सोडावा लागला नाही, एवढंच. नीता कामावर जायची, मुलगी समर कॅम्पला, आणि मी सोफ्यावर. सुरुवातीला रेझ्युमे पाठवले. मग टीव्हीवर ते कोर्टाचे कार्यक्रम लागतात ना दुपारचे, ते बघायला लागलो. कोण भाडेकरू, कोण घरमालक, कुत्रा कोणाचा. शेवटी इतका तयार झालो की जजबाईंच्या आधी मी निकाल द्यायचो, आणि त्या माझ्याशी सहमत झाल्या की मला दिवसभर बरं वाटायचं.

तू मागच्या दाराने आत आलास.

"काय करून राहिला बे?"

"अप्लाय करतोय."

"टीव्हीवर?"

मी आवाज बंद केला. तू सोफ्याच्या हातावर टेकलास. सोफा करकरला, तुझ्या वजनाला आमचं फर्निचर कधीच पुरलं नाही. आणि मग तू चेहरा एकदम बिचारा केलास. म्हणालास, "अन्या, एक काम होतं तुझ्याकडे. आमच्या कोचेसचं समर शेड्यूल करायचं आहे. मी गणिताचा मास्तर म्हणून हॅगर्टीनं माझ्या गळ्यात मारलं. मले काही जमून नाही राहिलं. तू तर प्रोजेक्ट प्लॅनिंगवाला."

शेखर, तुला खोटं बोलता यायचं नाही. आडदांड पोरांच्या डोक्यात बीजगणित उतरवणाऱ्या माणसाला चार कोच इकडे आणि चार तिकडे ही वाटणी जमत नाही? जमत होती. मला ते कळलं. मला कळलंय, हे तुला कळलं. आणि आपण दोघांनीही तोंडं गंभीर ठेवली.

"बघतो," मी म्हणालो, "पण मला रिक्वायरमेंट्स नीट लागतील."

"लागतीलच ना बे. आंघोळ करून ये, सांगतो."

याबद्दल तुला कधी थँक्यू म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तुझं ते खोटं उघडं पडलं असतं आणि दोघांनाही लाज वाटली असती. मग वर्षं गेली, आणि थँक्यू म्हणायची वेळ निघून गेल्यासारखं वाटलं.

रिक्वायरमेंट्स अशा होत्या. उन्हाळ्यात खरी प्रॅक्टिस नसते, ती ऑगस्टात. जून-जुलैत नुसतं धावायचं आणि वजनं उचलायची. फुटबॉलला हात लावायचा नाही असा नियम. पोरांवर सक्ती नाही, पण जो उन्हाळ्यात येत नाही त्याची ऑगस्टात काय गत होते ते सगळ्यांना ठाऊक. तीन बॅच: सकाळी सहाची, आठची, आणि दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी संध्याकाळची. बॅच हा तुझा नागपुरी ट्यूशन क्लासमधला शब्द. तो तू तिथे इतका रुजवलास की हॅगर्टीसुद्धा "सिक्स ओ'क्लॉक बॅच" म्हणायला लागला. आणि कोचेसची अडचण ही की उन्हाळ्यात प्रत्येकाचं दुसरं काहीतरी असतं. कोणी पोरांना ड्रायव्हिंग शिकवतो, कोणी लोकांची घरं रंगवतो, कोणाला जुलैत सासुरवाडीच्या तळ्यावर हजेरी लावलीच पाहिजे.

मी काय केलं? मी त्यांना रिसोर्स करून टाकलं.

नोकरी गेल्यापासून हात शिवशिवत होते. मी प्रत्येकाला नंबर दिला, सगळ्यांचे तास अगदी समसमान वाटले, त्याचा रंगीत तक्ता छापला, आणि इंटरव्ह्यूचा शर्ट घालून तुमच्या त्या घामाच्या आणि मलमाच्या वासाच्या खोलीत तो भिंतीवर चिकटवला. हॅगर्टीने तो टीव्हीवरच्या हवामानाच्या नकाशासारखा न्याहाळला.

"हे काय आहे? वादळ येतंय का?"

"शेड्यूल," मी म्हणालो.

"यात मी कुठे?"

"तुम्ही रिसोर्स फोर."

खोलीत कोणीतरी खोकलं.

"आणि तीन नंबरला कोण?"

"कोच रूझ."

"रूझ माझ्या वर?"

रूझ म्हणजे तुमच्यातला सगळ्यात तरुण, सगळ्यात सडपातळ, खुर्ची न मिळाल्यामुळे दाराला टेकून उभा असलेला. तो घाईघाईने म्हणाला, "सर, मी खाली जायला तयार आहे." मग जे हसू फुटलं ते आवरेना. त्यात आणखी कोणाच्या तरी लक्षात आलं की लाइनमनच्या, समोरच्या टीमला अंगाने अडवणाऱ्या धिप्पाड पोरांच्या, कोचला, म्हणजे पार्किंग लॉटपासून खोलीपर्यंत येताना ज्याला वाटेत दम खावा लागायचा त्याला, मी धावण्याच्या गटावर टाकलंय. माझ्या हिशोबाने कोच म्हणजे कोच. तास सारखे झाले की न्याय झाला.

तू पार्किंग लॉटपर्यंत दम धरलास. गाडीत बसलास, पट्टा लावलास, आणि मग म्हणालास, "रिसोर्स सेव्हनला भूक लागली बे."

पण खरा पराक्रम पुढचा. दुरुस्त केलेल्या शेड्यूलमध्ये मी एक नवीन कल्पना घातली: आठवड्यातून एकदा सगळ्या कोचेसनी, सगळ्या पोरांनी एकत्र यायचं. वार कोणता? मी खूप विचार केला. रविवारी चर्च. शनिवारी घरची कामं. मग बुधवारची संध्याकाळ, आठवड्याच्या मधोमध, कोणाच्या देवाधर्माच्या आड न येणारी. केवढा समंजसपणा! इतकी वर्षं टेक्सासात राहून मला पत्ता नव्हता की इथली निम्मी मंडळी बुधवारी संध्याकाळीही चर्चला जातात, तिथेच जेवतात, पोराबाळांसकट. म्हणजे संकष्टीला मटणाची पंगत ठेवायची आणि वर 'सर्वांनी अगत्य येणे' असं कळवायचं, तसलं हे काम. आणि हॅगर्टी तर त्याच्या चर्चचा कारभारी.

"मी पाठवायच्या आधी तू बघितलं होतंस ना?" मी तुला नंतर विचारलं.

"बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, शिकेल."

त्या बुधवारी मैदानावर तू, मी, आणि चर्च चुकवायला अधिकृत कारण मिळालं म्हणून खुशीत आलेली पोरं. ऊन उतरायला आलं होतं पण पारा अजून शंभर फॅरनहाइटवर. कुंपणावर ते कर्कश काळे पक्षी ओळीने बसलेले. मी इंटरव्ह्यूच्या चामडी बुटांत.

"घे शिट्टी," तू म्हणालास.

"मी?"

"दुसरं कोण दिसून राहिलं इथं?"

काम सोपं होतं. पोरं पलीकडच्या रेषेवर उभी, मी अलीकडच्या. मी शिट्टी वाजवायची, त्यांनी धावायचं. ती माझ्याच दिशेने धावत येणार आहेत, हे काही मला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. शेखर, धरणाची दारं उघडल्यासारखी ती पोरं आली. काहींचे दंड माझ्या मांडीएवढे. मी शिट्टी दातांत धरून पळालो. आणि धापेबरोबर ती वाजतच राहिली, आणि शिट्टी वाजतेय तोवर थांबायचं नाही, एवढं त्यांना तूच शिकवलेलं. पुढे मी, मागे सगळी टीम, अर्ध्या मैदानाचा वळसा. तू गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होतास. मला वाटलं तुला काही झालं. तू हसत होतास.

एवढ्यावर भागलं नाही. कुंपणाशी एक विसरलेला फुटबॉल पडला होता. मी आपला उत्साहात तो उचलून एका पोराकडे भिरकावला, "कॅच!" आणि तू टेक्सासच्या त्या मैदानावर शुद्ध वैदर्भी ठोकलीस, "ठेव बे खाली! सस्पेंड करवशील मले!" एकाने अदबीने विचारलं, ही कुठली भाषा. तू म्हणालास, "ही माझी लाडाची भाषा आहे."

पाणी पिताना मी तुला म्हणालो की शेखर, कोणी नाहीये, आज यांना दंड-बैठका शिकव की, आपलं काहीतरी. मला वाटलं होतं तू गहिवरशील. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी त्यांना आखाड्यात लोळवायला सांगितलंय. "हे पोरं इथले आहेत. यांना इथल्या ऑगस्टात इथल्या पोरांसमोर उभं राहायचं आहे. तुझ्या हौसेसाठी त्यांचे गुडघे मोडू का?"

जाताना एक अगडबंब पोरगा मला पाण्याची बाटली परत द्यायला आला. "थँक यू, कोच. उद्या येणार ना, सर?"

इथली पोरं सगळ्यांनाच सर म्हणतात. पेट्रोल पंपावरच्या कॅशियरलाही म्हणतात. पण नोकरी गेल्यापासून मी उद्या कुठे येणार आहे का, असं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, येस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बॅचला आलो. मग त्या सगळ्या उन्हाळ्यात येत राहिलो, शिट्टीशिवाय. शिट्टी तू माझ्या हातात पुन्हा दिली नाहीस.

पुढे मला नोकरी लागली, पण मे महिन्यात शेड्यूलला बसायचा आपला रिवाज राहिला. आमच्या डायनिंग टेबलवर, नीताच्या पोह्यांवर. आणि दर वर्षी तेच भांडण. मी प्रत्येक कोचच्या नावापुढे त्याचा बॅकअप लिहायचो. आमच्या धंद्यात एका माणसावर काही टांगून ठेवत नाहीत. सगळ्यांना बॅकअप. सकाळी सहा, कोच शेक, पुढचा रकाना कोरा.

"इथे नाव दे," मी म्हणायचो.

"मले नाही लागत."

"शेखर, तू सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर आहेस."

"माझा बापही हेच म्हणायचा."

"रोज नको तर आलटून पालटून येऊ दे ना लोकांना. सोमवारी हा, मंगळवारी तो."

मग तू पोह्यांची बशी बाजूला सारायचास. तुझ्याकडून हे सगळ्यात मोठं पाऊल. "ऐक. आठला जे पोरगं येते त्याला आई उठवते. सहाला जे येते ते स्वतः उठून येते. काहींच्या घरी उठवायला कोणी नसतेच. अंधारात येऊन ते दार ढकलते, आणि आज एक, उद्या दुसरा, परवा भलताच. मग त्याला वाटते आपण बसस्टँडवर आलो. दारात एकच तोंड दिसलं पाहिजे बे."

"आणि ते तोंड एक दिवस नसलं तर त्या पोराचं काय?"

"तू लय निगेटिव्ह बोलतो."

भांडण इथेच संपायचं. निकाल लागायचा नाही. एका वर्षी मी चोरून रूझला कळवलं की गुरुवारी सहाला तू. बिचारा दोन कॉफ्या घेऊन वेळेआधी हजर. तू एक कॉफी प्यायलास, दुसरी त्याला प्यायला लावलीस, मनापासून आभार मानलेस आणि त्याला घरी झोपायला पाठवलंस. मग मला फोन. तुझा फोन आला तेव्हा बाहेर उजाडलंही नव्हतं, आणि तू शिव्या देताना आम्हा पुण्याच्या लोकांबद्दल जे बोललास ते मंडळाच्या अंकात छापण्यासारखं नाही.

मी उगाच भांडत नव्हतो, हे तुला माहीत होतं. माधुरीवहिनींनी मला कामाला लावलं होतं. तुझ्या आईला तू आंब्याच्या दिवसांत नागपूरला घरी यायला हवा होतास. डिसेंबरात येतोस आणि संत्री खाऊन जातोस, म्हणायच्या त्या. पण मे शाळेत जायचा आणि जून सहाच्या बॅचमध्ये. वहिनी मला एकदा तुझ्यासमोरच म्हणाल्या, "अनिलभावजी, शेड्यूल तुम्हीच करता ना? मग याला जूनचा एक आठवडा मोकळा काढून द्या. तुमच्या कॉम्प्युटरला एवढंही येत नाही का?"

"कॉम्प्युटरला येतं," मी म्हणालो, "याला येत नाही."

यंदा मार्चमध्ये तू आपणहून फोन केलास. तुझ्या आईची तब्येत विचारून झाली, हवा झाली, मग म्हणालास, "एक आठवडा काढ. जूनचा पहिला. तिकिटं बघून राहिलो."

मी खुर्चीतून उठलो. "म्हणजे बॅकअप लिहू?"

"लिही. पण कोण ते मी सांगीन."

"कोण?"

"सांगतो ना. भेटल्यावर. तुले फोनवर सांगितलं तर तू त्याला मेल पाठवशील."

आणि एप्रिलमध्ये, शनिवारी सकाळी, ड्राइव्हवेत, गाडीतून बागेसाठी आणलेल्या मातीच्या पिशव्या उतरवताना. बाकीचं मी लिहीत नाही. एवढंच म्हणतो की हा हिशोब कोणत्याही गणिताच्या मास्तराला पटणार नाही. जिना चढताना कठडा धरणारा मी. गोळ्या खाणारा मी. डॉक्टर ज्याच्यापुढे मान हलवतात तो मी. हार्टचं काही व्हायचं तर रांगेत माझा नंबर पहिला होता, आणि तू, ज्याने आयुष्यात कधी रांग मोडली नाही, तो पुढे घुसलास.

तुझी पोरं अंत्यविधीला आली होती, टीमच्या जर्सी घालून. घरी आली तेव्हा दारात बूट काढायचे असतात हे त्यांना कुठून माहीत होतं कोण जाणे. तूच सांगितलं असशील कधीतरी. दाराबाहेर होड्यांसारखे बूट. प्रत्येक जण वहिनींपुढे वाकून "मॅम" म्हणाला आणि मग काय बोलायचं ते न सुचून तिथेच उभा राहिला. शेवटी एका काकूंनी त्यांना जेवायला बसवलं. पुऱ्या संपल्या, पुन्हा कणीक भिजवली, त्याही संपल्या. काकू स्वयंपाकघरात डोळे पुसत म्हणत होत्या, "किती खातात हो! खाऊ देत, खाऊ देत."

तर गेल्या रविवारी मी शेड्यूल उघडलं. गेल्या वर्षीचंच घेऊन तारखा बदलल्या. आठची बॅच भरली. संध्याकाळची भरली. बुधवारची संध्याकाळ मोकळी सोडली, एवढं शिकलो. सहाच्या ओळीत सगळीकडे तुझं नाव, आणि पुढे कोरं. कर्सर तिथे नेला आणि चहा करायला उठलो. परत येऊन पुन्हा उठलो. नीता म्हणाली, "किती चहा करतोस?"

बातमी कशी फुटली देव जाणे, पण दोन दिवसांत एकेक कोचचे फोन यायला लागले. सगळ्यांना सहाची बॅच हवी होती. घरं रंगवणारा म्हणाला, मी रंग दुपारी लावीन. लाइनमनचा कोच म्हणाला, मी आधी निघेन म्हणजे वेळेवर पोचेन. प्रत्येकाला आतून वाटत होतं की शेकने मलाच सांगितलं असतं. आणि माझ्यासमोर मी इतकी वर्षं मागत होतो तेच तयार ताटात वाढलेलं: सोमवारी हा, मंगळवारी तो, प्रत्येकाला बॅकअप, कुठे रकाना कोरा नाही. भांडण मी जिंकलो होतो, शेखर. आणि समोर कोणी नाही.

मी उठून वहिनींकडे गेलो. त्या तुझ्या शर्टांच्या घड्या करत बसल्या होत्या. मी विचारलं, "वहिनी, त्याने तुम्हाला सांगितलं होतं का, त्या आठवड्यात सहाला कोणाला ठेवणार होता?"

"नाही हो. मीपण विचारलं होतं. म्हणाला, बघ, गंमत आहे." त्यांनी एक शर्ट घडी मोडून पुन्हा घातला. "तुम्ही काय ठरवलंत?"

"सगळे तयार आहेत. आलटून पालटून लावतो."

"नको."

शेखर, ज्या बाईसाठी मी तुझ्याशी भांडलो ती तुझ्या बाजूने गेली.

"फिरतं नका लावू, भावजी. मी त्याच्यावर खूप चिडायचे त्या सहाच्या पायी. पण पहाटे तो निघायचा ना, ते कोणीतरी वाट बघत असल्यासारखा निघायचा. एकच कोणीतरी लावा. आणि त्याचं नाव काढा तुम्ही. ठेवलंत तर पोरं दाराकडे बघत बसतील."

"आणि बॅकअप?"

त्या पहिल्यांदा जराशा हसल्या. "बॅकअप मात्र ठेवा. हे त्याचं चुकतच होतं."

मी घरी येऊन रूझचं नाव लिहिलं. जूनभर, जुलैभर, रोज तोच. त्याचे ड्रायव्हिंगचे तास साडेनवाला सुरू होतात, घर शाळेपासून जवळ, आणि फोन न करणारा तो एकटाच होता. तुझ्या मनात तोच होता का, मला माहीत नाही. कदाचित तू हॅगर्टी म्हणाला असतास. कदाचित असं कोणाचं तरी नाव घेतलं असतंस की मी पुन्हा एकदा मूर्ख ठरलो असतो, आणि ते मला फार आवडलं असतं. बॅकअप म्हणून मी हॅगर्टीला टाकलं. एक तोंड तुझं, एक रकाना माझा. आपण दोघं असताना जे जमलं नाही ते असं जमवलं. बघून घे, आवडलं नाही तर भांड.

रूझला कळवलं तेव्हा त्याने आधी पोरांची यादी मागितली. मग म्हणाला, "सर, एक विचारू? त्या एका उन्हाळ्यात तुम्ही रोज सहाला यायचात. शेक दारात उभा राहून पोरांना काय म्हणायचा? काहीतरी म्हणायचा ना?"

मी आठवलं. म्हणालो, "काही नाही. भाषण वगैरे अजिबात नाही. फक्त नाव घ्यायचा. जो आत येईल त्याचं."

"फक्त नाव?"

"फक्त नाव. पण प्रत्येकाचं."

तो आता यादी घेऊन पोरांची नावं पाठ करतोय. करू दे, त्याला जमेल.

एक मात्र मी त्याला सांगितलं नाही. सगळी पोरं आत गेली की शेवटी, अर्धवट झोपेत, ज्याला जायला दुसरं कुठलंही ठिकाण नव्हतं असा एक माणूस त्या दारातून यायचा. त्याचं नाव तू घ्यायचा नाहीस. मान वर न करता, वजनं लावता लावता म्हणायचास, "आला का बे."

ते रूझच्या कामाचं नाही. ते कोणाच्याच शेड्यूलमध्ये बसत नाही. फक्त हल्ली सहाच्या आधीच जाग येते, आणि मी ते ऐकू येईल म्हणून जरा वेळ तसाच पडून राहतो.